पित्ताच्या धारेत जिवाणू तग कसा धरतात?

प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आला आहे. विचारणारी मुलगी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती लिहिते: "मॅडम, पित्त साबणासारखं चरबी फोडतं असं पुस्तकात आहे. जिवाणूचं आवरणही चरबीचंच असतं. मग आतड्यातले जिवाणू विरघळून का जात नाहीत? 'जनुकांचं नियमन करून ते जगतात' एवढं लिहून पुस्तक पुढे जातं. पण पित्त आलं हे जिवाणूला कळतं कसं? आणि आई रोज ताक देते. त्यातले जिवाणू पित्तातून जिवंत खाली उतरतात का?"

बेटा, पुस्तकानं एका वाक्यात उरकलेली ही गोष्ट माझ्या रोजच्या कामाच्या बुडाशी आहे. अठ्ठावीस वर्षं मी तालुक्याच्या गावी प्रयोगशाळेत जंतू वाढवते आणि ओळखते. पोटातल्या जंतूंची अर्धीअधिक ओळख पित्तावरच पटते. उत्तर लांब आहे, सावकाश वाच.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'पित्त झालं' म्हणजे छातीत जळजळ आणि आंबट ढेकर, आणि 'अंगावर पित्त उठलं' म्हणजे गांधी. पहिलं जठरातलं आम्ल, दुसरी बहुतेक वेळा ॲलर्जी. तुझ्या प्रश्नातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा हिरवा-पिवळा, जहर कडू रस. रिकाम्या पोटी उलटीवर उलटी झाली की शेवटी जे कडू पिवळं पाणी पडतं, ते. माणसाचं यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त करतं. त्यातले चरबी फोडणारे क्षार, म्हणजे पित्तक्षार, फुकट जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे ९५ टक्के परत शोषले जातात आणि यकृताकडे जातात. उरलेले मोठ्या आतड्यात उतरतात.

गावात बोकड कापतात तेव्हा कापणारा काळजाला चिकटलेली हिरवी पिशवी किती जपून सोडवतो, ते तू पाहिलं असशील. ती फुटली की मटण कडू. त्याच पिशवीतलं पित्त घेऊन मी शिकाऊ मुलांना एक गोष्ट दाखवते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, वर थोडं जवसाचं तेल. कितीही हलवलं तरी तेल पुन्हा वर येऊन बसतं. मग पाच-सहा थेंब पित्त टाकून हलवायचं. सगळं दुधासारखं पांढुरकं होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. सावजी रश्श्यावरची तर्री पोटात अशीच फुटते. पित्तक्षाराच्या रेणूची एक बाजू तेलाला धरते, दुसरी पाण्याला. जिवाणूच्या पातळ पटलात, म्हणजे चरबीच्या आवरणात, तो असाच घुसतो.

आता जंतू मरतो म्हणजे काय होतं, ते. न्यूमोनियाचा जंतू, न्यूमोकॉकस, ओळखण्यासाठी आम्ही अजूनही एक जुनी चाचणी करतो. नॉयफेल्ड नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं ती १९०० मध्ये सांगितली. सलाइनमध्ये जंतू कालवून गढूळ द्राव करायचा, त्यात सोडियम डीऑक्सिकोलेट हा पित्तक्षार टाकायचा आणि नळी ३७ अंशांवर ठेवायची. थोड्या वेळानं नळी उजेडासमोर धरली की गढूळपणा गेलेला असतो, पलीकडची अक्षरं वाचता येतात. इतक्या वर्षांनंतरही मला ती नळी पाहून थांबायला होतं, कारण कोट्यवधी पेशी तिथे फुटून गेलेल्या असतात. पित्तक्षार या जंतूचंच एक विकर (एन्झाइम) मोकाट सोडतो आणि ते त्याची स्वतःची भिंत कापतं. शेजारी ई. कोलायची तशीच नळी ठेव. तेच पित्त, तेवढाच वेळ, आणि ती नळी गढूळच्या गढूळ. न्यूमोकॉकस नाकाघशात राहणारा, त्याची पित्ताशी गाठ पडत नाही. ई. कोलाय आतड्यातला.

याच फरकावर मॅकॉन्की माध्यम, म्हणजे प्लेटमध्ये जंतू वाढवायचं एक खाद्य, उभं आहे. आल्फ्रेड मॅकॉन्कीनं १९०५ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. त्यात मुद्दाम पित्तक्षार घालतात, म्हणजे इतर बरेच जंतू वाढत नाहीत आणि आतड्यातले वाढतात. सकाळी प्लेट उघडल्यावर दिसणाऱ्या त्या गुलाबी वसाहती म्हणजे पित्ताच्या परीक्षेत उतरलेले जंतू आहेत.

ते उतरतात कसे? ई. कोलायचंच घेऊ, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त माहिती आहे.

त्याला दोन पटलं असतात आणि बाहेरच्या पटलावर साखरेच्या साखळ्यांचं दाट आच्छादन असतं. त्यामुळे पित्त सहजासहजी आत शिरत नाही. तरी थोडं शिरतंच. ते बाहेर फेकायला त्याच्याकडे एक्रएबी-टोलसी नावाचा पंप आहे. हे नाव ॲक्रिफ्लेव्हिन नावाच्या रंगावरून पडलं, कारण पंप बिघडलेले जंतू आधी त्या रंगानं मरताना दिसले होते. पंपाचे तीन भाग: आतल्या पटलात बसलेलं इंजिन, मधला जोड, आणि बाहेरच्या पटलातून बाहेर निघणारा पाइप. इंजिन तीन सारख्या तुकड्यांचं असतं. एक तुकडा माल धरतो, दुसरा आवळतो, तिसरा ढकलतो, आणि मग पाळी बदलते. त्याला शक्ती मिळते ती पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या फरकातून. हा पंप काढून टाकलेला ई. कोलाय पित्तक्षारापुढे फार लवकर हात टेकतो.

आता तुझा खरा प्रश्न, की त्याला कळतं कसं. कळायला डोकं लागत नाही, रेणूला रेणू चिकटला की पुरतं. ई. कोलायमध्ये रॉब नावाचं एक प्रथिन आहे. ते पेशीत हजारोंच्या संख्येनं असतं, पण एरवी गठ्ठे करून निपचित पडलेलं असतं. डीऑक्सिकोलेटसारखा पित्तक्षार आत आला की तो रॉबच्या एका टोकाला चिकटतो. रॉब मोकळं होऊन डीएनएवर जाऊन बसतं, पंपाच्या जनुकांच्या अगदी तोंडाशी, आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला तिथे ओढून आणतं. पंप जास्त बनू लागतात. २००३ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं गेलं. यात मला सगळ्यांत आवडतं ते हे, की रॉब आधीच तयार असतं. पित्त आल्यावर पहारेकरी नेमायचा नसतो, झोपलेल्याला फक्त उठवायचं असतं.

दुसरी तऱ्हा उलटी आहे. कोंबड्यांच्या आतड्यात राहणारा आणि माणसाला हगवण लावणारा कॅम्पिलोबॅक्टर घे. त्याच्या पंपाच्या जनुकांवर सीएमईआर नावाचं प्रथिन बसलेलं असतं आणि ते जनुक वाचूच देत नाही. पित्तक्षार या प्रथिनाला चिकटला की त्याची डीएनएवरची पकड सुटते आणि जनुक मोकळं होतं. एकीकडे बटण दाबणं, दुसरीकडे ब्रेक काढणं. पुस्तकातलं 'नियमन' ते हेच.

पंपासोबत आत येणारी वाटही अरुंद होते. बाहेरच्या पटलात पोरिन नावाची छिद्रं असतात, त्यातूनच अन्न आत येतं. ओम्पएफचं छिद्र जरा मोठं, ओम्पसीचं जरा लहान. आतड्यातल्या परिस्थितीत जंतू मोठी छिद्रं कमी करतो आणि लहान वाढवतो. यात मिकएफ नावाच्या छोट्या आरएनएचा हात आहे. तो ओम्पएफ बनवण्याच्या आरएनए-संदेशाला चिकटतो आणि त्या संदेशावरून प्रथिन बनू देत नाही. १९८४ मध्ये मिकएफचं हे काम उघड झालं, तेव्हा आरएनए असं नियमन करतो हे लोकांना नवीन होतं. मिकएफला चालना देणाऱ्यांत पुन्हा आपला रॉब आहेच. आणि पित्त डीएनएलाही इजा करतं, म्हणून दुरुस्तीची जनुकंही कामाला लागतात. साल्मोनेला या हगवणीच्या जंतूत हे चांगलं तपासलेलं आहे.

तू विचारशील, सगळं कायमचं चालूच का ठेवत नाही? पंप चालवायला शक्ती खर्च होते, ती वाढीतून वजा होते. छिद्रं बारीक केली की पित्ताबरोबर अन्नही कमी येतं. विहिरीवरची मोटार पाणी असो-नसो चालू ठेवली तर काय होतं, ते तुझे वडील सांगतील. जंतू शेणात असतो, नाल्यात असतो, तिथे पित्त नसतं. तिथे पित्ताची तयारी करून बसणारा जंतू शेजारच्या हलक्या जंतूच्या मागे पडतो. दुसरीकडे, अगदी शून्यापासून सुरुवात करणंही परवडत नाही. पंपाचं इंजिन, एक्रबी, १०४९ अमिनो आम्लांच्या साखळीचं असतं. चांगल्या वाढीत पेशी सेकंदाला पंधराएक अमिनो आम्लं जोडते. म्हणजे एक तुकडा बनायलाच मिनिटाच्या वर लागतं, आणि इंजिनाला असे तीन लागतात. पित्त अंगावर आल्यावर तेवढा वेळ हाती असतोच असं नाही. म्हणून थोडे पंप कायम असतात आणि गरज पडली की वाढतात. आधी थोडं पित्त दाखवलेले जंतू नंतर जास्त पित्तात टिकतात, हे साल्मोनेला, लिस्टेरिया, एन्टेरोकॉकस अशा कितीतरी जंतूंत दिसलं आहे.

हे मी एका चुकीतून शिकले, ती सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या विहिरीचं पाणी आमच्याकडे आलं होतं. गावात हगवण होती. विहिरीत ब्लीचिंग पावडर पडली होती, पण थोडीच. मी नमुना सरळ पित्तक्षाराच्या माध्यमात लावला. काही वाढलं नाही, मी 'पिण्यास योग्य' लिहून दिलं. दोन दिवसांनी त्याच विहिरीचं पाणी पुन्हा आलं आणि प्लेट गुलाबी वसाहतींनी भरून गेली. पाणी दोन्ही वेळा वाईटच होतं. क्लोरीननं जंतू मेले नव्हते, जखमी झाले होते. बाहेरच्या पटलाला भोकं पडलेली, शक्ती खालावलेली, पंप चालत नव्हते, नवीन पंप बनवायला बळ नव्हतं. अशा जंतूला मी पित्तात बुडवलं आणि तो माझ्याच प्लेटवर मेला. पिणाऱ्याच्या पोटात जाईपर्यंत तो कदाचित सावरला असता. तेव्हापासून क्लोरीन टाकलेलं पाणी आलं की त्यातलं उरलेलं क्लोरीन मी आधी निकामी करते, जंतूंना काही तास साध्या माध्यमात सावरू देते आणि मगच पित्तक्षाराच्या माध्यमात टाकते. तू पाण्यावर काम करणार असशील तर हे पक्कं लक्षात ठेव.

पित्त जंतूसाठी नुसतं विष नाही, पत्ताही आहे. शरीरात इतकं पित्त भेटण्याची जागा म्हणजे आतडं. पित्त लागलं की जंतूला 'आपण कुठे आहोत' हे कळतं, आणि तिथे काय करायचं ते प्रत्येक जंतू आपापल्या धंद्याप्रमाणे ठरवतो.

साल्मोनेला बघ. त्याच्याकडे आतड्याच्या पेशीत घुसण्यासाठी सुईसारखं यंत्र असतं. पित्त भरपूर असेल तर तो त्या यंत्राची जनुकं बंद ठेवतो. भरपूर पित्त म्हणजे आपण अजून आतड्याच्या पोकळीत आहोत, भिंत लांब आहे. श्लेष्माच्या थरातून भिंतीजवळ गेलं की पित्त कमी होतं आणि तेव्हा ती जनुकं उघडतात. पित्त असताना त्याचं रामआर नावाचं प्रथिन डीएनएवरची पकड सोडतं आणि पंप वाढतात. एकाच रेणूनं पंप चालू, सुई बंद.

कॉलऱ्याच्या जंतूचं आणखी वेगळं. २०२२ च्या जुलैत मेळघाटात चिखलदऱ्याकडे कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा आमच्या कामाच्या टेबलावर पुन्हा कॉलऱ्याचा जंतू वाढवायचं टीसीबीएस माध्यम आलं. त्यातही बैलाचं पित्त असतं. हा जंतू पित्त लागताच टॉक्सआर या प्रथिनामार्फत ओम्पयू नावाची छिद्रं वाढवतो, ज्यातून पित्तक्षार नीट शिरू शकत नाही. आणि टॉरोकोलेट हा पित्तक्षार टीसीपीपी नावाच्या प्रथिनाच्या दोन रेणूंना एकमेकांशी जोडतो. तिथून आतड्याला चिकटण्याची आणि विष बनवण्याची जनुकं उघडायला लागतात. गंमत अशी, की पित्तातलीच काही स्निग्धाम्लं हीच जनुकं दाबून ठेवतात. त्यामुळे शुद्ध पित्तक्षारावरचा प्रयोग आणि पूर्ण पित्तावरचा प्रयोग यांचे निकाल उलटसुलट येतात. वाचताना कोणतं पित्त वापरलं ते आधी बघत जा.

टायफॉइडचा जंतू तर थेट पित्ताशयातच मुक्काम ठोकतो. टायफॉइड झालेल्यांपैकी काही थोडे जण बरे वाटत असूनही वर्षापेक्षा जास्त काळ जंतू सोडत राहतात. पित्ताशयात खडे असतील तर तो खड्यावर चिकट थर करून राहतो आणि औषध आत पोचत नाही. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती आणि तिला आयुष्याची कितीतरी वर्षं वेगळं ठेवलं गेलं. तिच्याबद्दल वाचलं की मला फार वाईट वाटतं, ती स्वतः आजारी नव्हती.

आपले घरचे जंतू, म्हणजे मोठ्या आतड्यातली वस्ती, पित्ताशी मारामारीपेक्षा वाटाघाटी जास्त करतात. पित्तक्षाराला ग्लायसिन किंवा टॉरिन हे अमिनो आम्ल जोडलेलं असतं. बॅक्टेरॉइडीस, लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम यांतल्या अनेकांकडे ते तोडणारं विकर आहे. त्यापुढे क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे मोजके जंतू पित्तआम्लाचा एक हायड्रॉक्सिल गट काढून त्याचं डीऑक्सिकोलिक आम्ल (क्षाररूपात डीऑक्सिकोलेट) करतात. त्यासाठीच्या जनुकगटाचं नावच 'बाय', म्हणजे पित्तआम्लानं जागा होणारा. या डीऑक्सिकोलेटनं क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या वाईट जंतूची वाढ दबते. उलट टॉरोकोलेट त्याच्या बीजाणूंना अंकुरायला लावतो. लांबच्या अँटिबायोटिकनं सिंडेन्ससारखे मेले की डीऑक्सिकोलेट कमी होतो, बीजाणू उठतात आणि काही रुग्णांना दवाखान्यातच वाईट हगवण लागते. एवढ्यातेवढ्या जुलाबाला मेडिकलमधून चार गोळ्या घेणाऱ्यांना म्हणूनच मी कळकळीनं अडवते. त्यात पित्त फेकणारा पंप टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सॅसिनही बाहेर फेकतो.

आता आईचं ताक. योगर्टच्या विरजणातले दोन नेहमीचे जिवाणू, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, दुधात वाढलेले. पित्ताशी त्यांचा फारसा संबंध नाही, ते आतड्यात वस्ती करत नाहीत. घरच्या विरजणात आणखीही जाती असतात आणि घरोघरी वेगळ्या असतात. पण म्हणून ताक वाया जातं असं नाही. या जिवाणूंच्या पोटात दुधाची साखर फोडणारं विकर असतं. लहान आतड्यात पित्तानं त्यांचं आवरण सैल झालं की ते विकर कामाला येतं, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही-ताक पचायला मदत होते. प्रोबायोटिक म्हणून विकायच्या जिवाणूचं वेगळं. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत पित्तात टिकण्याची चाचणी आहे.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला काही हवं असेल तर हेच कर. आईच्या ताकाचा थोडा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये पातळ कर आणि त्याचे दोन भाग पाड. एक तसाच ठेव, दुसऱ्यात अगदी थोडं, ०.०५ टक्के, बैलाच्या पित्ताची पूड घाल आणि दोन्ही अर्धा तास ३७ अंशांवर ठेव. मग दोन्ही भाग दोन-दोन एमआरएस (लॅक्टोबॅसिलस वाढवायचं माध्यम) प्लेटवर पसर, एक साधी आणि एक ०.३ टक्के पित्ताची. प्लेटा बरणीत ठेवून आत मेणबत्ती लाव आणि झाकण घट्ट बंद कर, ज्योत विझली की प्राणवायू थोडा कमी झालेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. अठ्ठेचाळीस तासांनी चारही प्लेटांवरच्या वसाहती मोज. तीनदा कर, आणि तिन्ही वेळा ताक एकाच विरजणाचं घे. शेजारणीकडून विरजण आणलं की सगळी मोजणी बदलते, हे आईला आधीच सांगून ठेव.